आधी काय, मागून काय?



ह्या व्यासपीठावरून कालपर्यंत मोठमोठी विद्वान मंडळी बोलून गेली. आज कामगार संघटनेत हयात घालवलेल्या आमच्यासारख्या माणसास चालकांनी उभे केले, आणि विषय दिला तोही संगणकाचा, ह्याचे आपणांस नवल वाटले असेल. आम्हांस स्वतःस ते अधिक वाटले. आमची शाळा आठवीतच सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते पहिली पाळी सुटल्यावर, ह्याच गावच्या वाचनालयाच्या बाकावर. संगणक तर आम्ही चाळिशी ओलांडल्यावर, आमच्या मुलाच्या वयाच्या एका पोराकडून शिकलो. तेव्हा त्या यंत्राच्या पोटात काय चालते हे सांगण्याचा अधिकार आमचा नव्हे. परंतु पुढ्यात वीस मागण्या असताना आधी कोणती रेटायची आणि मागून कोणती, हे ठरवण्याचे काम आम्ही तीस वर्षे करीत आलो आहोत. आजचा विषय खरे पाहता तोच आहे, म्हणून हे धाडस.

प्रथम वस्तू काय आहे ते सांगतो. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा. रियासतकार सरदेसाई ह्यांनी त्यांतल्या निवडक कागदांचे ४५ खंड संपादले, तेव्हा सामान्य अभ्यासकास त्या दप्तराचे दार किलकिले झाले. कागद तर आधीपासून होतेच. पण कोणत्या रुमालात काय आहे हे कळल्यावाचून कागद असून नसल्यासारखाच. संगणकावर असाच दप्तरखाना उभारतात, त्याला डिजिटल रिपॉझिटरी म्हणतात. आपण आपला डिजिटल दप्तरखाना म्हणू. कागदाची, छायाचित्राची वा ध्वनिमुद्रणाची संगणकीय प्रत त्यात ठेवायची, ती कशाची आहे ह्याची चिठ्ठी तिला लावायची, ती बिघडू द्यायची नाही, आणि मागेल त्याला शोधून द्यायची, एवढे त्याचे काम.

हे काम करणारी सॉफ्टवेअरे जगात तयार आहेत. इंग्लंडातील साउदॅम्प्टन विद्यापीठाने २००० साली ईप्रिंट्स केले. अमेरिकेत एमआयटीच्या ग्रंथालयाने ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या साहाय्याने २००२ साली डीस्पेस केले. न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठात ग्रीनस्टोन झाले. ही तिन्ही फुकट मिळतात आणि ज्याला जमेल त्याला ती आपल्या गरजेप्रमाणे बदलताही येतात. आपल्या देशातील पीएच.डी.चे प्रबंध जेथे ठेवतात ती 'शोधगंगा' गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने डीस्पेसवरच उभी केली आहे.

आपण म्हणाल, फुकट मिळते, बदलताही येते, मग अडचण कोठे आहे? अडचण अशी की बदलणारे हात थोडे आणि बदल मागणारी तोंडे पुष्कळ. ग्रंथपालास एक सोय हवी असते, संशोधकास दुसरी, देणगीदारास तिसरी. प्रत्येक मागणी आपापल्या जागी रास्तच असते. पैसा आणि वेळ मात्र मोजका. तेव्हा आधी काय आणि मागून काय हे कोणीतरी ठरवतेच. उघड बसून ठरवले नाही, तर ज्याचा आवाज मोठा त्याचे ठरते.

आमच्या चळवळीतले एक जुने उदाहरण देतो. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. त्या काळच्या गिरणीतल्या दुःखांची यादी करायला बसते तर कागद पुरता ना. पण अर्जात मागण्या किती होत्या? पाच. रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. सकाळी साडेसहाला काम सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. आणि कामावर जबर दुखापत झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार, व जन्माचा अधू झाला तर पोटापाण्याची सोय. सही वा अंगठा करणाऱ्याला पाठ म्हणून दाखवता येईल अशी ती यादी होती. त्यांतली रविवारची सुट्टी १८९० साली पदरात पडली. सर्व दुःखे एकाच अर्जात कोंबली असती, तर मालकांनी त्यांतली सर्वांत स्वस्त निवडली असती आणि आम्ही आभाराचा ठराव केला असता!

आता आमची स्वतःची गोष्ट सांगतो. ती अभिमानाची नाही.

साधारण २०११ च्या सुमारास आमच्या संघटनेच्या कचेरीत कागदांचा डोंगर झाला होता. सभासदांच्या वह्या, करारनामे, संपाची पत्रके, आणि बंद पडलेल्या एका सूतगिरणीच्या हजेरीपत्रकांच्या नकला. वाळवी लागली होती. आम्ही कार्यकर्त्यांनी उत्साहाने एक स्कॅनर आणला आणि तीन महिने बसून चार हजारांवर पाने उतरवली. त्यांना नावे दिली ती 'स्कॅन १', 'स्कॅन २' अशी. सगळे एका डिस्कवर ठेवले. मग, आता सर्व संगणकात आले, असे म्हणून मूळ कागदांतला बराच भाग आम्ही रद्दीत दिला. हा निर्णय आमचा होता, त्यावर सही आमची होती.

काही वर्षांनी एक बाई आल्या. त्यांचे यजमान त्या सूतगिरणीत जॉबर होते, ते वारले होते. गिरणीच्या देण्यांचा हिशेब अवसायकापुढे, म्हणजे लिक्विडेटरपुढे चालला होता आणि यजमानांच्या नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांचा पुरावा हवा होता. आम्ही त्यांना म्हणालो, "वहिनी, काळजी नको. सगळे संगणकात आहे." डिस्क लावली. ती उघडेना. दुरुस्तीवाल्याकडे नेली, त्याने महत्प्रयासाने काही पाने बाहेर काढली. त्यांना नावे नव्हती, म्हणून ती एकेक उघडून तीन दिवस पाहिली. त्या दहा वर्षांचे पान त्यांत नव्हते. ती दहा वर्षे हिशेबात धरली गेली नाहीत. वहिनी आम्हांला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

ह्यानंतर दुसऱ्यांदा हे काम हाती घेतले ते दोन वर्षांपूर्वी, वाचनालयाच्या साहाय्याने. उरलेले कागद होते, आणि इतर गावांतल्या सभासदांनी आपापल्या पेट्यांतून काढून दिलेले होते. सॉफ्टवेअर डीस्पेस घ्यायचे ठरले. त्यात काय काय बदल व भर हवी हे ठरवण्यास आम्ही सभा बोलावली. ग्रंथपाल, दोन तरुण इंजिनिअर, निवृत्त कामगार, महाविद्यालयातले एक प्राध्यापक, आणि वहिनींनाही मुद्दाम बोलावले. फळ्यावर मागण्या लिहिल्या, त्या तेवीस भरल्या. प्रत्येकाच्या हातात पाच चिंचोके दिले आणि सांगितले की ज्या मागणीवर जितके ठेवावेसे वाटतील तितके ठेवा. कोणी कोणाच्या हाताकडे पाहायचे नाही.

चिंचोके मोजले. सर्वांत अधिक पडले ते दर्शनी पानावर जुन्या पुढाऱ्यांची छायाचित्रे सरकत राहावीत ह्या मागणीवर. त्या खालोखाल नावाने शोध घेता यावा ह्यावर. 'ठेवलेली वस्तू बिघडली तर आपणांस कळावे आणि दुसरी प्रत असावी' अशी एक ओळ इंजिनिअरांपैकी एकाने फळ्याच्या कोपऱ्यात लिहिली होती. तिच्यावर पाच चिंचोके होते. ते पाचही एकट्या वहिनींचे होते.

त्या दिवशी आम्हांला कारखान्यातली एक गोष्ट आठवली. मागण्यांची सनद करताना कामगारांना विचारा, ते पगारवाढ सांगतील, बोनस सांगतील, रजा सांगतील. यंत्राच्या फिरत्या भागाला कुंपण हवे असे फारसे कोणी सांगत नाही. ते सांगतो तो, ज्याची बोटे गेली आहेत तो. १९४८ च्या कारखाने कायद्याने यंत्रास कुंपण घालणे बंधनकारक केले, ते बहुमत घेऊन नव्हे. मताने सर्व काही ठरत नाही. लोकशाहीवर आमचा विश्वास आहे म्हणूनच हे सांगतो. काही गोष्टी मतास टाकण्यापूर्वी बाजूला काढून ठेवाव्या लागतात, कारण त्या नाहीत हे नुकसान झाल्यावरच कळते.

म्हणून आम्ही त्या तेवीस मागण्या तीन चाळण्यांतून गाळल्या. त्या आपणांपुढे ठेवतो.

पहिली चाळणी : हे आज केले नाही तर उद्या करता येईल काय? सरकती छायाचित्रे पुढल्या वर्षी लावली तरी काही बिघडत नाही. पण गेलेले पान परत येत नाही. ह्या चाळणीत चार गोष्टी वर राहिल्या.

एक, राखण. डीस्पेसमध्ये प्रत्येक फाईलचा एक पडताळा-अंक काढून ठेवतात, त्याला चेकसम म्हणतात. कापसाच्या गाठीवर वजन लिहिलेले असते आणि वाटेत कोणी कापूस काढला की काट्यावर कळते, तसे हे आहे. फाईलमधला एक ठिपका बदलला तरी अंक बदलतो. हा अंक ठराविक दिवसांनी पुन्हा काढून ताडून पाहण्याची व्यवस्था करता येते. पण ती कोणीतरी सुरू करावी लागते आणि तिचा निकाल कोणीतरी वाचावा लागतो. जोडीला प्रती तीन, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी.

दोन, चिठ्ठी. १९९५ साली अमेरिकेतील डब्लिन गावी जमलेल्या मंडळींच्या खटपटीतून वर्णनाचे पंधरा रकाने पुढे रूढ झाले. शीर्षक, कर्ता, दिनांक, विषय, भाषा, हक्क वगैरे. डीस्पेसची चिठ्ठी त्याच घडणीची आहे. आम्ही ठरवले की निदान सहा रकाने भरल्यावाचून एकही पान आत घ्यायचे नाही. कागद हातात आणि माहीतगार माणूस हयात असतो तेव्हाच चिठ्ठी लिहिता येते. माहीतगार गेला की तीही वेळ गेली.

तीन, कायमचा क्रमांक. प्रत्येक वस्तूला असा पत्ता की जो यंत्र बदलले, संस्थेचे नाव बदलले तरी बदलणार नाही. कोर्टातल्या अर्जात तो पत्ता एकदा लिहिला गेला की मागून दुरुस्त करता येत नाही.

चार, कुलूप. आमच्या कागदांत संपकाळातल्या सभासदांची नावे आहेत, कोणी वर्गणी दिली, कोणी गुप्तपणे मदत केली हे आहे. त्यांतले कित्येक आजही कोठे ना कोठे नोकरीत आहेत. असा कागद अमुक तारखेपर्यंत बंद ठेवण्याची सोय ह्या सॉफ्टवेअरात आहे. ती आधी नीट बसवावी लागते. एकदा जगापुढे गेलेले नाव परत बोलावता येत नाही.

टिकवणे म्हणजे काय ह्याचे एक उदाहरण सांगतो. इंग्लंडात १०८६ साली राजाने जमिनीची पाहणी करून एक मोठे दप्तर केले. ते आजही वाचता येते. त्याला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ साली बीबीसीने त्या धर्तीवर नवी पाहणी करून ती लेझर डिस्कवर ठेवली. पंधरा-सोळा वर्षांत ती वाचणारी यंत्रेच दुर्मीळ झाली आणि मजकूर वाचवण्यास तज्ज्ञांना खास प्रयत्न करावे लागले. कातड्यावरची शाई नऊशे वर्षे टिकली आणि यंत्रातली अक्षरे वीस वर्षांत अडचणीत आली!

दुसरी चाळणी : ही सोय नसली तर कोण बाहेर राहतो? किती जण, एवढेच विचारून भागत नाही. प्राध्यापकांस प्रगत शोध हवा होता. तो नसता तरी ते वाट काढतील. निवृत्त कामगाराकडे मात्र साधा मोबाईल आहे, त्याचे जाळे अधूनमधून तुटते, आणि तो मराठीतच लिहिणार. त्याला पान उघडले नाही तर त्याच्यापुरता सगळा दप्तरखाना बंद. म्हणून मोबाईलवर हलके उघडणारे पान आणि मराठी शोध ह्या दोन गोष्टी आम्ही वर घेतल्या.

मराठी शोध हे काम वाटते तितके सोपे नाही. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि पूर्वीचे पुष्कळ अनुस्वार गेले. जुन्या पत्रकात 'नाहीं', 'कांहीं' असे छापलेले आहे आणि आजचा माणूस 'नाही', 'काही' असे लिहून शोधतो. यंत्राला हे दोन शब्द निराळे. त्याला तो अनुस्वार शोधापुरता दुर्लक्षून चालायला शिकवावे लागते. शिवाय युनिकोड रुळण्यापूर्वी निरनिराळ्या टंकांत टाइप केलेला मजकूर तो टंक नसेल तर रोमन अक्षरांचा खिचडा होऊन दिसतो. तो आधी उलगडून घ्यावा लागतो. परदेशात सॉफ्टवेअर करणाऱ्यांच्या यादीत ह्या मागण्या आपोआप येणार नाहीत. आपण मागितल्या तरच येतील.

तिसरी चाळणी : हिला पुढे पोसणार कोण? सोय करून दिली म्हणजे काम संपले असे नाही. तिला दरवर्षी खायला लागते. ह्याचा धडा डीस्पेसच्याच इतिहासात आहे. त्या सॉफ्टवेअराला पुष्कळ वर्षे दोन दर्शनी अंगे होती, एक मूळचे आणि दुसरे मागून आलेले. दोन्हींचे चाहते होते, म्हणून दोन्ही ठेवली. परिणाम असा की प्रत्येक नवी सोय दोनदा बांधायची आणि दोनदा दुरुस्त करायची. शेवटी दोन्ही सोडून एकच नवे अंग करण्याचे ठरले. सहावी आवृत्ती २०१६ साली आली होती, सातवी यायला २०२१ चा ऑगस्ट उजाडला. त्यातही सगळे आले नाही. जुन्यातल्या काही सोयी मागे ठेवून पुढल्या छोट्या आवृत्त्यांतून, २०२३ च्या ७.६ पर्यंत, क्रमाने परत आणल्या. सर्वांना खूष ठेवण्याची किंमत अशी मागाहून भरावी लागते. मात्र एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे. आता काय येणार नाही आणि ते पुढे केव्हा पाहू, हे त्यांनी जाहीर सांगितले.

ह्यालाच धरून शेवटचा मुद्दा. सॉफ्टवेअरवाल्यांत 'मॉस्को' नावाची एक पद्धत आहे. आमच्यासारख्याने मॉस्कोचे नाव काढले की काही मंडळी सावरून बसतात, पण ह्या मॉस्कोचा रशियाशी संबंध नाही. मस्ट, शुड, कुड आणि वोन्ट ह्या चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते नाव जुळवले आहे. हवेच, असावे, असले तर बरे, आणि ह्या खेपेस नाही. ह्यांतला चौथा खण आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. वाटाघाटीत मागणी सोडावी लागते. ती सोडली हे सभेत उभे राहून सांगणारा पुढारी शिव्या खातो, पण टिकतो. मोघम बोलून वेळ मारून नेणारा एकदा टाळ्या घेतो आणि मग त्याच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही.

आम्ही फळ्यावरच्या तेवीस मागण्यांपैकी सात 'हवेच'च्या खणात घातल्या. वर सांगितलेल्या सहा, आणि सातवी अशी की आपला सगळा संग्रह चिठ्ठ्यांसकट बाहेर काढून दुसऱ्या सॉफ्टवेअरात नेता आला पाहिजे, म्हणजे आपण कोणाचे बांधील राहणार नाही. नऊ मागण्या 'ह्या खेपेस नाही' म्हणून जाहीर केल्या. त्यांत सरकती छायाचित्रे होती. त्यावर एक जुने सहकारी रागावले. त्यांच्या वडिलांचे छायाचित्र त्यांत यायचे होते. ते सहा महिने आमच्याशी बोलले नाहीत. आमचे चुकले असे आम्हांस अजूनही वाटत नाही, पण त्यांचा रागही खोटा नव्हता. आपल्या माणसाचा चेहरा दर्शनी दिसावा ही इच्छा लहान नाही. चाळणीतून गाळताना जे खाली पडते तेही धान्यच असते, हे गाळणाऱ्याने विसरू नये.

आपल्या गावात वाचनालय आहे, शाळा आहेत, पतपेढ्या आहेत, जुन्या मंडळांचे अहवाल कोठे माळ्यावर पडले आहेत. ह्यांपैकी कोणी ना कोणी उद्या आपले दप्तर संगणकात घालणार आहे. ते घालतील तेव्हा दर्शनी पान आपणांस दाखवतील आणि ते सुंदर असेल. आपण सभासद म्हणून तीन प्रश्न जरूर विचारा. बिघडले तर कळेल काय? माझ्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ते मराठीत सापडेल काय? आणि काय करायचे नाही असे ठरले आहे, ते कोणाला विचारून? उत्तर मिळेपर्यंत मूळ कागद रद्दीत देऊ नका.

वहिनींचे ते पान आम्हांला अद्याप सापडलेले नाही. सूतगिरणीत काम केलेल्या कोणाच्या घरी जुनी हजेरीपत्रके वा पगाराच्या चिठ्ठ्या असतील, तर व्याख्यान संपल्यावर आम्ही दाराशी थांबणार आहोत. कृपा करून सांगावे.